खुर्चीवरचा कोट

आम्ही बेव्हर्ली पार्कातल्या घरात राहायला आलो त्या दिवशी सामान अजून लिफ्टपाशीच होतं, तेवढ्यात समोरच्या दारातून एक बुटके, सावळे, टक्कल पडलेले गृहस्थ बाहेर आले. अंगात खाकी जाकीट, त्याला नुसते खिसेच खिसे, आणि गळ्यात कॅमेरा. पाणी हवंय का, दूधवाला कोणता लावणार, असलं काही विचारण्याऐवजी ते म्हणाले, "घर रिकामं आहे तोवर एक फोटो काढून घेऊ. एकदा भरलं की भरलंच." मी घामाघूम, नवरा टेम्पोवाल्याशी हुज्जत घालतोय, मुलगी भुकेने रडकुंडीला आलेली. तरी का कोण जाणे, आम्ही तिघं रिकाम्या हॉलमध्ये गादीच्या वळकटीवर जाऊन बसलो. त्यांनी एक फोटो काढला, तो कसा आलाय ते बघितलंही नाही, आणि म्हणाले, "हा गेला. आता खरा काढू."

पहिला का गेला, असं मी विचारलं.

"हापशाचं पहिलं पाणी गढूळच येतं," ते म्हणाले. "ते सोडून द्यायचं असतं."

हे वाघमारे काका. हे वाक्य ते कशालाही लावत. नवा वॉचमन पहिल्याच दिवशी खुर्चीत झोपला, तर पहिलं पाणी गढूळ. कोणाच्या जावयाने पहिल्याच दिवाळीत सासऱ्याशी वाद घातला, तर पहिलं पाणी गढूळ. मी एकदा आयुष्यात प्रथमच केलेला ढोकळा त्यांना नेऊन दिला, तो विटेसारखा झाला होता. त्यांनी एक तुकडा शांतपणे चघळून संपवला आणि दुसऱ्यांदा कधी करणार आहेस, असं विचारलं. सुशीलाकाकू आतून म्हणाल्या, "आमच्या लग्नाचं पहिलं पाणी अजून निवळायलंय." काका हसले, पण ढोकळ्याचा दुसरा तुकडा त्यांनी घेतला नाही.

काका मूळचे नांदेडकडचे. तरुणपणी कामाच्या शोधात इकडे आले आणि भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीत फिटर म्हणून चिकटले ते रिटायर होईपर्यंत. कंपनी हापसे बनवायची, बोअरवर बसवायचे, दांडा खालीवर करून पाणी काढायचे ते. आपल्याकडे गावोगाव नळ येत गेले तसा इकडचा खप कमी झाला, पण आफ्रिकेतल्या खेड्यांमधून मागणी होती. तेव्हा काकांना मलावी नावाच्या देशात पाठवायला सुरुवात झाली. तिकडचा पावसाळा उतरला की काका जायचे, गावोगाव हापसे बसवायचे, जुने दुरुस्त करायचे आणि आपल्या पंधरा ऑगस्टच्या आत परत यायचे. मलावी कुठे आहे हे आमच्या सोसायटीत कोणालाच ठाऊक नव्हतं. वरच्या मजल्यावरचे शहा अंकल तर ते मालवणला जातात असं समजून दरवेळी येताना काजू आणायला सांगत. काकांनीही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. ते येताना तिकडचे भुईमुगाचे दाणे आणत आणि शहा अंकल ते खाऊन म्हणत, "इस साल काजू छोटा है."

कॅमेरा त्यांच्या हातात आला तो कंपनीमुळेच. हापसा बसवला की त्याचा फोटो पाठवावा लागायचा. हापसा, त्याचा सिमेंटचा ओटा आणि धार पडणारं पाणी एवढंच त्यात दिसायला हवं होतं. पण हापसा म्हटला की भोवती बायकामुलं येणारच. ती फोटोत शिरायची आणि काका त्यांना बाजूला व्हा म्हणत नसत. पुढच्या वर्षी त्याच गावात गेले तर हापशाला लागून घर असलेल्या एका म्हातारीने त्यांची वाट अडवली. तिथे आजीला आगोगो म्हणतात, आणि गावातल्या कुठल्याही म्हातारीला तीच हाक. ही आगोगो म्हणजे हापशाची स्वयंघोषित मालकीण. दांड्याला लोंबकळणाऱ्या पोरांना काठी घेऊन पळवायची, बकऱ्या येऊ नयेत म्हणून तिने ओट्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं होतं. तिने काकांना विचारलं, मागच्या वर्षी तू आम्हाला डब्यात घालून घेऊन गेलास, परत कुठे आणलंस?

तिचं बोलणं गावच्या शाळेतल्या फिरी मास्तरांनी इंग्रजीत करून सांगितलं. काकांचं इंग्रजी म्हणजे 'नट टाइट, वॉटर गुड' एवढंच, पण हे त्यांना बरोबर कळलं. त्या वर्षापासून त्यांनी दोन नियम केले. गावात जो फोटो काढायचा तो पुढच्या खेपेला कागदावर छापून ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. आणि ज्याला द्यायची खात्री नाही त्याचा काढायचा नाही. आमच्या सोसायटीतही तोच कायदा. कोणी मोबाइलवर पाठवा म्हटलं की ते मान हलवत. "त्यात दिसतं," म्हणत, "मिळत नाही."

मग काय, काकांच्या बॅगेत वॉशर आणि नटबोल्टच्या वर फोटोंची पाकिटं जायला लागली. फोटो वर्षभराने मिळायचा, तोवर पोरं वाढलेली असायची. एकेकाला आपला फोटो ओळखू यायचा नाही, आणि दुसराच कोणीतरी तो आपला म्हणून पळवायचा. पण काकांना या गोंधळाची मोठी मजा वाटायची. परत आले की आठवडाभर ते हीच वर्णनं करत आणि आम्ही चहाचे कप घेऊन ऐकत बसायचो.

फोटो काढायची त्यांची एक पद्धत होती. ते कधी कोणाला हसा म्हणाले नाहीत. हनुवटी वर, मान सरळ, असलं काही नाही. फक्त एवढंच सांगायचे, "हात कुठे ठेवायचे ते तुमचं तुम्ही ठरवा." हे ऐकलं की माणूस गडबडतो. आपल्याला दोन हात आहेत हे त्याला तेव्हाच पहिल्यांदा कळतं. मग ते हात इकडेतिकडे फिरून कुठेतरी टेकतात, आणि काका तेव्हा बटण दाबायचे. तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या रिकाम्या घरातल्या त्या फोटोत नवऱ्याचा हात मुलीच्या डोक्यावर आहे आणि माझे दोन्ही हात मिक्सरच्या खोक्यावर. हा फोटो बघून माझी सासू अजून मला टोमणे मारते.

एकदा काका मलावीहून आले ते शाळेतल्या सगळ्या मुलांचे एकेकटे फोटो काढून. छापून आणल्यावर त्यांनी ते पलंगभर मांडले आणि आम्हाला बघायला बोलावलं. आंब्याच्या झाडाखाली भरणारी शाळा, मागे तेच झाड, पुढे एकेक मूल ताठ उभं. मी कौतुक करतच होते, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, ह्या सगळ्यांच्या अंगात एकच स्वेटर कसा?"

खरंच की. हिरवा स्वेटर, कोपरावर एक ठिगळ. लहान पोरांच्या गुडघ्यापर्यंत आलेला, थोराड मुलांच्या बेंबीपाशी थांबलेला. काका चष्मा कपाळावर चढवून एकेक फोटो उचलून बघायला लागले. मग त्यांच्या लक्षात आलं की एका मुलाचा फोटो झाल्यावर पुढचं मूल यायला इतका वेळ का लागत होता. झाडामागे स्वेटरची काढघाल चालली होती. सगळ्या वर्गात एकच धड स्वेटर, आणि तोही उन्हात. काका इतके हसले की काकूंनी पाण्याचा तांब्या आणून दिला.

हसून झाल्यावर डोळे पुसत त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. सातवीच्या परीक्षेच्या फॉर्मला फोटो लागायचा, म्हणून गुरुजी अख्खा वर्ग चालवत तालुक्याला घेऊन गेले होते. तिथल्या फोटो स्टुडिओत खुंटीला एक काळा कोट टांगलेला. फोटोवाला प्रत्येकाला तोच चढवायचा, मोठा झाला तर पाठीमागून चिमटे लावायचा, की पुढून साहेब. "आमच्या वर्गातली सगळी पोरं त्या दिवशी एका कोटाची झाली," काका म्हणाले. "माझ्या बापाने तो फोटो बघितला आणि मला ओळखलंच नाही. म्हणाला, हा कोणाचा पोरगा?" त्यांच्या वडिलांचा मात्र एकही फोटो नव्हता. तेवढं बोलून ते स्वेटरचे फोटो गोळा करायला लागले.

हा कोट मी मुद्दाम सांगितला, कारण पुढे जो घोटाळा झाला तो त्याच्यामुळे झाला.

आगोगोने स्वतःच्या घरचा फोटो कधी काढू दिला नव्हता. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे निघायचे तेव्हा ती पुढे होऊन सगळ्यांना रांगेत बसवायची, काकांना मक्याच्या पिठाची घट्ट उकड खाऊ घालायची, पण तिच्या घराचं नाव काढलं की नको म्हणायची. तिचा मुलगा दक्षिण आफ्रिकेत खाणीत कामाला होता. तो आला की काढू, एवढंच सांगायची. असं करता करता कित्येक वर्षं गेली. मग एका खेपेला तिने आपण होऊन निरोप पाठवला, उद्या सकाळी ये.

काका गेले. अंगण झाडलेलं, आगोगो, सून, नातवंडं अंघोळी करून बसलेली. मधोमध एक खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीवर घातलेला एक काळा कोट. फिरी मास्तर त्या दिवशी परगावी गेलेले. काकांना वाटलं, हा आपल्या स्टुडिओसारखाच कोट, कोणीतरी घालायचा राहिलाय. त्यांनी मोठ्या प्रेमाने तो उचलला, थोरल्या नातवाच्या अंगात चढवला, बाह्या दुमडून दिल्या, बटणं लावली आणि त्याला खुर्चीत बसवलं. कोणी काही बोललं नाही. पाहुण्याला कोण बोलणार? काकांनी पहिला फोटो सोडून दिला आणि दुसरा काढला. पुढच्या वर्षी तो मोठा करून, चौकटीत बसवून आगोगोच्या हातात दिला. तिने बराच वेळ बघितला, तिकडे आभार मानतात तसे तळवे जोडून हलकेच टाळ्या वाजवल्या आणि फोटो घेऊन घरात गेली.

नोकरीतली ती काकांची शेवटची खेप ठरली. आल्यावर ते रिटायर झाले, आणि पाठोपाठ छातीत दुखायला लागून अँजिओप्लास्टी झाली. आता घरी बसा, असं काकूंनी सांगितलं. काका बसले. बसल्या बसल्या त्यांनी फिरी मास्तरांना फोनवर एक गळ घातली. इतकी वर्षं फोटो दिले, ते कोणाच्या घरात कसे लावलेत ते एकदा दाखवा. बिचारे मास्तर घरोघर फिरले आणि एका सकाळी फोटोंची रांगच्या रांग काकांच्या मोबाइलवर आली.

आम्ही खाली पार्किंगमध्ये बाकावर बसलो होतो. काका एकेक फोटो मला दाखवत होते. मातीच्या भिंती, त्यांच्यावर खिळे, खिळ्यांना काकांचे फोटो. एकाने चौकटीला कागदी फुलांची माळ घातली होती. एका घरात तर तो हिरवा स्वेटर आणि त्या स्वेटरातला मुलगा शेजारी शेजारी टांगले होते. काका खुशीत होते. चौबे वॉचमनला हाका मारून दाखवत होते, "देखो चौबेजी, वहाँ भी अपना ही काम है." मग एक भिंत आली, तिच्यावर चौकट होती, पण फोटो नव्हता. पुठ्ठ्याची तपकिरी पाठ तेवढी दिसत होती. फोटो भिंतीकडे तोंड करून लावला होता.

शेजारच्या दारातून हापसा आणि काट्यांचं कुंपण दिसत होतं, तेव्हा कोणाचं घर ते मला सांगावं लागलं नाही. काकांनी तिथेच मास्तरांना फोन लावला, आणि त्यांचं इंग्रजी मी काकांना मराठीत करून सांगत गेले. मास्तर आधी टाळाटाळ करत होते, मग बोलले. माणूस परगावी असला की त्या घरात त्याची जागा राखतात. त्याचा कोट खुर्चीवर ठेवतात. तो कोट मुलाने अंगात घालायचा म्हणजे बाप गेला, आता घर मुलाचं. आगोगोच्या मुलाचा फोन येणं तेव्हा आधीच बंद झालं होतं. येईल की नाही याची धाकधूक वाढली, म्हणून तर तिने त्याच्या कोटासकट सगळ्यांना एकत्र बसवायचं ठरवलं होतं. आणि काकांनी तिच्या डोळ्यांसमोर त्या कोटाची बटणं नातवाच्या छातीवर लावली. फोटो टाकवेना, कारण तो प्रेमाने दिलेला. बघवेना, म्हणून तो उलटा.

काकांनी फोन जाकिटाच्या खिशात ठेवला. "मी जित्या माणसाचं मयत काढलं, वैशाली," ते म्हणाले. मी आपली त्यांच्या शेजारी बसून राहिले.

त्या दिवसापासून कॅमेरा कपाटात गेला. सव्वीस जानेवारीला झेंड्यापाशी सगळे जमले, पंधरा ऑगस्टसारखाच सव्वीस जानेवारीचाही सोसायटीचा फोटो काढायचा म्हणून चौबेने खुर्च्या मांडल्या, पण काका गुडघा दुखतो म्हणून वरच बसले. दरवर्षी तेच काढायचे, त्यामुळे सोसायटीच्या एकाही फोटोत ते नव्हते, आणि आता तर फोटोच नव्हता. मला ते बघवेना. मी माझ्या परीने उपाय सुचवला. कॉम्प्युटरवर नातवाच्या अंगातला कोट काढता येईल, खुर्चीवर टाकता येईल, कोणाला कळणारही नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. "हापसा फोनवरून दुरुस्त होतो का?" त्यांनी विचारलं. मग फिरी मास्तरांनीच स्वतः नवा फोटो काढून द्यायची तयारी दाखवली. त्याला आगोगोने नकार दिला. रागावून नाही, अगदी सरळ. ज्याने कोट चढवला त्यानेच येऊन तो उतरवावा, असं तिचं म्हणणं.

झालं. काकांनी जायचं ठरवलं आणि काकूंनी जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं. कंपनीला तिकडच्या बायकांना हापसा दुरुस्ती शिकवायला कोणीतरी जुना माणूस हवाच होता, ती काकांना पाठवायला तयार होती. डॉक्टरही जपून जा म्हणाले. काकूंचा मात्र एकच प्रश्न होता, तिथे काही झालं तर? दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. चपाती वाढताना बोलणं नाही, टीव्ही बघताना नाही. समोरासमोरच्या दारांमुळे ती शांतता आमच्या घरापर्यंत यायची.

ही कोंडी फुटली ती हिराबाईमुळे. हिराबाई जवळच्या मोरवा गावची कोळीण, आमच्या गेटबाहेर रोज सकाळी मासे घेऊन बसते. काकांचं आणि तिचं फार जमायचं. एका रविवारी काकू बोंबील घ्यायला उभ्या असताना काका पाठोपाठ खाली आले, आणि काकूंनी तिथेच हिराबाईला पंच केलं. म्हणाल्या, ह्या माणसाला तुम्हीच समजवा आता. काय झालं, असं हिराबाईने विचारलं तेव्हा काकांनी खुर्ची, कोट, उलटा फोटो, सगळं सांगितलं. हिराबाईने कोयता खाली ठेवला.

"म्हातारीचा पोर जिता हाय ना?" तिने विचारलं.

"मेला असं कोणी सांगितलं नाही," काका म्हणाले.

"माजा घरवाला दर्यावर जायचा तवा मी त्याचा ताट मांडून ठेवायची. रिकामा. कोन बसला त्या पाटावर तर मी उठवायची. तू तर त्या पाटावर पोराला बसवून जेवाया घातलास." मग काकूंकडे वळून ती म्हणाली, "बाय, त्याला अडवू नको. ती म्हातारी रोज ती भित बगते."

काकूंनी अर्धा किलो बोंबील घेतले आणि त्या वर गेल्या. संध्याकाळी माझ्याकडे आल्या, दार लावून घेतलं, आणि पासपोर्ट काढायला काय काय लागतं ते विचारलं. मला आधी कळलंच नाही. काकांचा पासपोर्ट तर होताच.

"माझा," काकू म्हणाल्या. "जायचं तर दोघांनी. तिथं काही झालं तर मी तिथं असायला पाहिजे. आणि इतकी वर्षं ऐकायले, ती म्हातारी बघू तरी द्या."

मी त्यांना मिठीच मारली. त्या जरा संकोचल्या, त्यांना असल्या गोष्टींची सवय नव्हती.

पावसाळ्यात ते दोघं निघाले. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं यांनी बॅगा भरल्या आणि त्या भरण्याच्या नादात काकांच्या जाकिटाला जागा उरली नाही. काकू म्हणाल्या, त्या बाईसमोर चांगला शर्ट घालून जायचं, हे राहू दे. घराच्या किल्ल्यांबरोबर जाकीटही माझ्याकडे आलं. रिक्षात बसलेले काका जाकिटाशिवाय कोणीतरी वेगळेच वाटत होते. सवयीने ते खिसे चाचपत होते आणि तिथे नुसता इस्त्रीचा शर्ट होता. मी हात हलवला. त्यांनी गळ्यातला कॅमेरा उचलून दाखवला आणि रिक्षा वळली.

पंधरा ऑगस्टला पाऊस होता, म्हणून झेंडावंदन झाल्यावर सगळे पार्किंगमध्ये जमले. फोटो माझी मुलगी मुग्धा मोबाइलवर काढणार होती. शहा अंकल, चौबे, सगळे येऊन बसले. काकांच्या आग्रहामुळे हिराबाईही दरवर्षी या फोटोत असते, तीही पाटी बाजूला ठेवून आली. सगळे बसलेले बघून ती म्हणाली, "त्याची जागा कुटं हाय?"

आधी कोणाला समजलं नाही. मला समजलं. मी वर जाऊन जाकीट घेऊन आले, चौबेने मधोमध एक खुर्ची ठेवली आणि मी ते तिच्या पाठीवर घातलं. गुप्तांचा नातू मजेत ते अंगात घालायला गेला तर हिराबाईने असा आवाज टाकला की तो पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला पळाला. फोटो निघाला. आम्ही तो काकांना पाठवला.

संध्याकाळी काकांचा आवाज आला, मोबाइलवर बोलून पाठवलेला. "पहिलं पाणी गढूळ. चौबेजींचे डोळे मिटलेत. परत काढा." एवढंच. जाकिटाबद्दल एक शब्द नाही. मला जरा वाईट वाटलं. पण थोड्या वेळाने काकूंचा आवाज आला. त्या हळू बोलत होत्या, बहुधा काकांपासून लांब जाऊन. म्हणाल्या, "तुमचा फोटो बघून हे बाहेर जाऊन बसलेत. येतील. अगं, काल काम झालं. म्हातारीने नातवाला तो कोट घालून उभं केलं होतं. ह्यांनी एकेक बटण काढलं. मग कोट खुर्चीवर ठेवला, चांगला झटकून, आणि सगळे बसले. म्हातारीने टाळ्या वाजवल्या, आणि ह्या खेपेला हसली बघ." मग त्या म्हणाल्या, "तिच्या पोराचा पत्ता अजून नाही. पण फोटो आता सरळ लागणार."

पाठोपाठ तो फोटोही आला, काकांचा कॅमेरा गळ्यात अडकवून फिरी मास्तरांनी मोबाइलवर काढलेला. लाल मातीचं अंगण, मागे हापसा. मधोमध खुर्ची, तिच्यावर काळा कोट. शेजारी काठी घेतलेली आगोगो, तिची सून, नातवंडं. थोरला नातू आता उंच झालाय, त्याच्या अंगात स्वतःचा पांढरा शर्ट आहे आणि एक हात त्याने कोटाच्या खांद्यावर ठेवलाय. काकूंनी साडीवर तिकडचं रंगीत कापड गुंडाळलंय आणि त्या अगदी तिथल्याच दिसतायत. आणि कडेला काका. मी त्यांना फोटोत पहिल्यांदाच पाहिलं. जगाला हात कुठे ठेवायचे ते तुमचं तुम्ही ठरवा म्हणून सांगणारा माणूस, पण त्याचा एक हात मास्तरांकडून कॅमेरा परत मागायला पुढे झालेला, आणि दुसरा आगोगोने घट्ट धरून ठेवलेला.

एका महिन्यासाठी गेले होते, ते अजून तिकडेच आहेत. शेजारच्या गावातल्या बायकांनाही हापसा शिकायचाय म्हणे, आणि काकूंनी तिथे भाकरी थापायला सुरुवात केलीय. मुग्धा म्हणाली, स्टेशनजवळ जाऊन त्या फोटोची प्रिंट काढून आणू का? मी नको म्हटलं. तो काकांनी येऊन हातात द्यायचा आहे. तोवर नुसता दिसतोय, मिळालेला नाही.

जाकीट आमच्या जेवणाच्या टेबलाशी एका खुर्चीच्या पाठीवर आहे. परवा पाहुणे आले होते, त्यांनी बसायला नेमकी तीच खुर्ची ओढली. मुग्धाने ती त्यांच्या हातून काढून घेतली आणि दुसरी पुढे केली.

"ती काकांची आहे," ती म्हणाली. "ते येतायत."